तुर्कस्तान: मतमोजणी खरी, पण उमेदवार कोण ते कोर्टात ठरणार?

उत्तररात्र (१६ नोव्हेंबर २०२५)

इस्तंबूलचे विरोधी पक्षाचे महापौर एक्रेम इमामोलू यांच्यावर गेल्या आठवड्यात आरोपपत्र आलं. जवळपास ४ हजार पानं, ४०२ आरोपी, आणि एकट्या इमामोलूंसाठी सरकारी वकिलांनी मागितलेली जास्तीत जास्त शिक्षा २३५२ वर्षं. वर्षंच, टायपो नाही. माणूस मार्चपासून सिलिव्रीच्या तुरुंगात आहे. आपल्याकडे तुर्कस्तान म्हटलं की एर्दोगान आणि एर्दोगान म्हटलं की पाकिस्तान, गाडी तिथेच थांबते, म्हणून म्हटलं आतल्या राजकारणावर एक धागा काढू.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. तुर्कस्तानचा अजून रशिया झालेला नाही. तिथे मतं खरी पडतात, बऱ्यापैकी खरी मोजली जातात आणि सत्तेतला पक्ष हरतोसुद्धा. पण मोजणीत फार काही करता येत नाही हे कळल्यापासून समोर कोण उभा राहणार तेच आधी ठरवून घ्यायचा उद्योग सुरू झालाय.

२०१९ ची इस्तंबूलची निवडणूक बघा. ३१ मार्चच्या रात्री एर्दोगानच्या एके पक्षाचे बिनाली यिल्दिरिम (देशाचे शेवटचे पंतप्रधान, त्यांच्यानंतर ते पदच गेलं) यांनी आपण जिंकलो म्हणून जाहीर पण करून टाकलं, सरकारी वृत्तसंस्था अनादोलूने ९९ टक्क्यांच्या जवळ आल्यावर आकडे द्यायचेच बंद केले, आणि शेवटी बघतात तर इमामोलू पुढे. फरक १३ हजारांच्या आसपास, तोही कोटभर मतदारांच्या शहरात. मे महिन्यात निवडणूक मंडळाने निकाल रद्द केला, कारण काय तर काही केंद्रांवरचे अधिकारी सरकारी नोकर नव्हते. आता मजा बघा, लोकांनी त्याच पाकिटात उपनगराच्या महापौराची आणि नगरसेवकांची पण चिठ्ठी टाकली होती, त्या सगळ्या चालल्या, फक्त मुख्य महापौराची तेवढी बाद. २३ जूनला परत मतदान झालं आणि फरक गेला ८ लाखांवर.

मग २०२४ च्या स्थानिक निवडणुका. सीएचपी म्हणजे अतातुर्कचा जुना पक्ष, त्याला ३७.८ टक्के आणि एके पक्षाला साडेपस्तीस. सीएचपी देशात पहिल्या नंबरवर यायची १९७७ नंतरची ही पहिली वेळ, आणि एके पक्ष २००१ साली स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर.

त्याच्यानंतर वर्षभरात काय झालं? १८ मार्च २०२५ ला इस्तंबूल विद्यापीठाने इमामोलूंची डिग्री रद्द केली, म्हणे १९९० मध्ये उत्तर सायप्रसच्या कॉलेजातनं बदली घेतली ती नियमात नव्हती. पस्तीस वर्षांनी आठवलं! तिथल्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष व्हायला पदवी लागते. १९ तारखेला पहाटे पोलीस घरी. आणि २३ तारखेला सीएचपी त्यांना राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांतर्गत मतदान घेणार होती, त्याच दिवशी कोर्टाने त्यांना तुरुंगात पाठवलं. पक्षाने मग सदस्य नसलेल्यांसाठी पण पेट्या ठेवल्या आणि पक्षाच्या सांगण्याप्रमाणे दीड कोटी लोक मत देऊन गेले. मॅच खरी आहे हो, पण ओपनिंगच्या बॅट्समनला ड्रेसिंग रूममधनंच उचलून नेलं.

सगळ्यात भारी म्हणजे एर्दोगान स्वतः याच वाटेने वर आलेत. १९९४ ला इस्तंबूलचे महापौर, १९९७ मध्ये सिर्त गावी सभेत एक कविता म्हटली म्हणून शिक्षा, १९९९ मध्ये चार महिने तुरुंगात, निवडणूक लढवायला बंदी. २००२ ला पक्ष जिंकला तरी हे खासदार होऊ शकत नव्हते. मग घटना बदलून, आणि तेही विरोधातल्या सीएचपीच्या मदतीने, २००३ मध्ये त्याच सिर्तमधनं पोटनिवडणुकीत निवडून आले. तुरुंगात टाकलेला महापौर किती मोठा होतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

---

गंपूशेठ

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कोल्हापुरी_ठसका

लेख चांगलाय पण एक कळंना, मतमोजणी खरी म्हणताय ते कशावरनं? सगळं मीडिया त्येंच्या हातात, निवडणूक मंडळ त्येंच्या हातात, आणि मोजणी तेवढी शुद्ध तुपातली व्हय?

---

उत्तररात्र

@ठसका भाऊ, शुद्ध म्हणत नाहीये. २०१७ च्या सार्वमतात (अध्यक्षीय पद्धत आली ते, ५१.४ टक्क्यांनी पास) मोजणी चालू असताना मंडळाने ठरवलं की शिक्का नसलेल्या मतपत्रिका पण धरा, त्यावर आजही ओरड आहे. पण तिथली पद्धत अशी की कागदी मतपत्रिका, एका पेटीला साधारण तीनचारशे मतदार, मतदान संपलं की त्याच खोलीत सगळ्यांसमोर एकेक मत उचलून दाखवत मोजायचं, आणि सगळ्या पक्षांच्या माणसांनी सही केलेल्या निकालपत्राची प्रत ज्याची त्याने घेऊन जायची. त्यामुळे एखाद्या पक्षाची माणसं प्रत्येक पेटीवर असली तर तो स्वतःच बेरीज करू शकतो. २०१९ ला इमामोलूंच्या लोकांनी नेमकं हेच केलं, एजन्सी गप्प बसली तरी यांच्याकडे कागद होते.

---

गंपूशेठ

म्हणजे आपल्याकडे पण कागदावर

---

उत्तररात्र

गंपूशेठ, ईव्हीएमसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. इथे तो विषय आला की संपलं.

---

ऱ्हाइनकाठी

मी कोलोनला राहते, आमच्या इमारतीत निम्मे तरी तुर्की आहेत त्यामुळे २०२३ ची निवडणूक जिन्यातच बघितली म्हणा ना. जर्मनीत त्यांचे १५ लाखांच्या आसपास मतदार आहेत आणि दुसऱ्या फेरीत इथे एर्दोगानला ६७ टक्के पडली, देशात पडली ५२. आमची खालची आजी अनातोलियाच्या खेड्यातून १९७० च्या सुमाराला फॅक्टरीत कामाला आलेली, तिच्या मते एर्दोगान यायच्या आधी डोक्याला स्कार्फ बांधणाऱ्या बाईला युनिव्हर्सिटीत शिरू देत नसत आणि ह्या माणसाने तिच्या भाचीला डॉक्टर केलं, विषय संपला, महागाई बिहागाई तिला सांगू नका, तिचं पेन्शन युरोत येतं. तिचा नातू मात्र सीएचपीवाला, दोघं एकाच टेबलावर जेवतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. इथल्या बऱ्याच जणांचं मूळ मध्य अनातोलियातल्या धार्मिक, गरीब भागातलं, त्यामुळे जर्मनीतला आकडा बघून सगळ्या परदेशी तुर्कांवर बोलू नये, ब्रिटनमध्ये बरोब्बर उलटं मतदान होतं.

स्कार्फचा मुद्दा बाहेरच्यांना छोटा वाटतो, पण मला विचाराल तर वीस वर्षं तेवढ्यावर मतं मिळाली एवढा तो मोठा आहे.

---

बाकावरचा

ऱ्हाइनकाठी ताईंचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा आवडला (लेखकाने राग मानू नये).

उत्तररात्र, तुमच्या थिअरीला एक भोक आहे. २०२३ ला कुणी उमेदवार कोर्टात अडवला होता? भूकंप झालेला, ५० हजारांवर माणसं गेलेली, ऑक्टोबर २०२२ ला सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्के, आणि तरी विरोधक हरले. आपल्याच कर्माने हरले. सहा पक्षांचं टेबल मांडलं, त्यात अतातुर्कवाले, इस्लामवाले, राष्ट्रवादी, आणि एर्दोगानचेच दोन जुने मंत्री दावुतोलू आणि बाबाजान. वर्षभर जाहीरनाम्यावर चर्चा, उमेदवार मात्र निवडणुकीला दोन महिने राहिले तेव्हा. राष्ट्रवाद्यांच्या मेराल आक्शेनेर बाई ३ मार्चला रागावून टेबलावरनं उठल्या, अंकाराचे महापौर यावाश नाहीतर इमामोलूला उभं करा म्हणत होत्या, ६ तारखेला परत येऊन बसल्या. आणि उभे कोण राहिले तर सीएचपीचे ७४ वर्षांचे किलिचदारोलू, कांदा हातात घेऊन स्वयंपाकघरातनं व्हिडिओ करणारे. माणूस सज्जन, मान्य. अलेवी (तिथला अल्पसंख्य मुस्लिम पंथ) आहे हे स्वतः व्हिडिओ काढून सांगायची हिंमत केली हेही मान्य. पण १३ वर्षं पक्षाध्यक्ष राहून एक राष्ट्रीय निवडणूक जिंकलेली नाही.

शिवाय पहिल्या फेरीत ४५ टक्क्यांवर अडकले तसे दुसऱ्या फेरीला सिरियन निर्वासितांना हाकलणार म्हणून पोस्टर लावले, पंधरा दिवसांपूर्वी हाताने बदामाची खूण करत होते. कोण विश्वास ठेवणार?

---

उत्तररात्र

बाकावरचे साहेब, अर्धं मान्य. पण इमामोलू तेव्हाच का उभे राहिले नाहीत ते बघा ना. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक मंडळाच्या अधिकाऱ्यांना मूर्ख म्हटल्याबद्दल त्यांना अडीच वर्षांच्या वर शिक्षा आणि राजकारणबंदी सुनावलेली होती, अपील चालू होतं. उमेदवारी दिली आणि मधेच अपील फेटाळलं तर काय, ही भीती त्या टेबलावर बसलेलीच होती. अडवायला प्रत्येक वेळी तुरुंगच लागतो असं नाही, केस लटकत ठेवली तरी काम होतं.

आणि निवडणुकीआधी सरकारने तिजोरी उघडली त्याबद्दल कोण बोलणार? किमान वेतन वर्षात दुप्पट, लाखो लोकांसाठी निवृत्तीची वयाची अट काढली, घरगुती गॅस एक महिना फुकट. भूकंपाचं केंद्र असलेल्या कहरामानमाराशमध्ये एर्दोगानला ७० टक्क्यांच्या वर मतं आहेत, कारण घर पडलेल्या माणसाला नवीन घर बांधून कोण देईल हा प्रश्न होता, आणि बांधकामाचं खातं कुणाकडे आहे ते त्याला माहीत होतं.

---

सांजवेळ

मला प्रामाणिकपणे एक विचारायचंय. एवढं सगळं हातात असताना मग २०२४ ला हरले कसे? वर्षही झालं नव्हतं.

---

बाकावरचा

पेन्शनर रुसले. २०२३ ची निवडणूक झाल्या झाल्या मेहमेत शिमशेकना अर्थमंत्री म्हणून परत आणलं आणि व्याजदर साडेआठवरून चढत चढत मार्च २०२४ ला ५० टक्क्यांवर. त्याआधी एर्दोगानचं तत्त्वज्ञान असं की व्याज वाढवलं की महागाई वाढते, म्हणून महागाई ८५ असताना व्याज कमी करत होते. बिल नंतर आलं. सगळ्यात कमी पेन्शन १० हजार लिरा, इस्तंबूलमध्ये त्यात खोलीचं भाडंही निघत नाही. हे लोक सीएचपीकडे गेले कमी आणि घरी बसले जास्त.

दुसरं म्हणजे गाझा. एर्दोगान सभांतून इस्रायलला शिव्या घालत होते आणि बंदरातनं मालाची जहाजं तिकडे चाललेलीच होती. फातिह एर्बाकान, म्हणजे एर्दोगानच्या जुन्या गुरूंचा मुलगा, त्याने तेवढंच धरून प्रचार केला, ६ टक्के मतं खाल्ली, शानलिउर्फा आणि योझगात घेतलं. ३१ मार्चला निकाल, आणि २ मेला तुर्कस्तानने इस्रायलशी सगळा व्यापार बंद केला. म्हणजे परराष्ट्र धोरण कुठे शिजतं ते समजा.

---

कोल्हापुरी_ठसका

ह्ये बेस्ट. म्हणजे तिकडंबी धोरण पेटी उघडल्यावरच ठरतंय तर.

---

फळवाला_पुणेकर

मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर आमच्या मार्केट यार्डात तुर्की सफरचंद घेणं बंद केलं, लोकांनी टूर रद्द केल्या, मुंबई विमानतळावर काम करणाऱ्या त्यांच्या कंपनीचं क्लिअरन्स काढलं, आयआयटी मुंबईने तिकडच्या विद्यापीठांबरोबरचे करार थांबवले. ड्रोन त्यांचे वापरले पाकिस्तानने. भूकंपात आपण एनडीआरएफ आणि लष्कराचं हॉस्पिटल पाठवलं होतं, ते काय विसरले? मला एवढंच सांगा, हा इमामोलू किंवा दुसरा कोणी आला तर आपल्यासाठी काही बदलणार का? नसेल तर कोण तुरुंगात आणि कोण बाहेर, आपल्याला काय त्याचं.

---

उत्तररात्र

प्रश्न रास्त आहे. उत्तर: सूर बदलेल, माल नाही.

काश्मीरवर यूएनमध्ये दरवर्षी बोलणं हे एर्दोगानचं आहे, २०१९ पासूनचं. त्यातही २०२४ ला काढलंच नाही, तेव्हा ब्रिक्समध्ये शिरायचं चाललं होतं, आणि यंदा परत काढलं. म्हणजे तो नळ आहे, हवा तेव्हा सोडतात. पण पाकिस्तानच्या लष्कराशी असलेले संबंध, जहाजं, ड्रोन, हे कुठल्या एका पक्षाचं नाही. आणि सीएचपी म्हणजे शांतताप्रिय मंडळी असं समजू नका, १९७४ ला सायप्रसवर सैन्य उतरवलं ते सीएचपीच्या बुलेंत एजेवितने. तीनच वर्षांनी ४१ टक्के मतं घेऊन पक्ष पहिला आला.

---

बाकावरचा

अगदी. सायप्रस, एजियन समुद्र, याच्यावर तिकडे सगळे एकच. ग्रीसने समुद्री हद्द १२ मैल केली तर ते युद्धाचं कारण धरू असा तुर्की संसदेचा ठराव १९९५ चा आहे, एर्दोगान तेव्हा महापौर होते.

सायप्रसवरून आठवलं, गेल्याच महिन्यात उत्तर सायप्रसमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अंकाराच्या मर्जीतल्या तातारना हरवून तुफान एरहुरमान ६० टक्क्यांच्या वर मतांनी आले. एर्दोगानने अभिनंदन केलं आणि त्यांचेच मित्र बाहचेली म्हणाले हा निकाल मानू नका, सरळ तुर्कस्तानात विलीन करा. एकाच आघाडीतले दोघं.

आणि बाहेरच्या जगाचं म्हणाल तर एर्दोगानला आज सगळ्यांची गरज आहे असं नाही, सगळ्यांना त्यांची आहे. नाटोत १९५२ पासून आहेत, तरी रशियाकडनं एस-४०० क्षेपणास्त्रं घेतली, अमेरिकेने २०१९ ला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातनं काढलं, हे रशियाशी गोडच. युक्रेनला बायराक्तार ड्रोन विकली (कंपनीवाला एर्दोगानचा जावई), आणि माँत्रो करारावर बोट ठेवून युद्धनौकांसाठी सामुद्रधुनी बंद केली, त्यामुळे रशियाला काळ्या समुद्रात बाहेरून जहाजं आणता आली नाहीत, आणि तरी रशियन गॅस घेतात, निर्बंध घालत नाहीत. स्वीडनला नाटोच्या दारात दीड वर्षाच्या वर उभं केलं. असद पडल्यावर सिरियात सगळ्यात जास्त वजन यांचंच. मग इमामोलू आत गेले तेव्हा युरोपने काय केलं? काळजी व्यक्त केली. आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने २० युरोफायटर विमानं विकली. मार्च २०२५ आधी झालं असतं तर वेगळी गोष्ट, पण हे सगळं माहीत असताना विकली.

---

ऱ्हाइनकाठी

इथल्या सीएचपीवाल्या पोरांचा राग त्याच्यावरच आहे. एर्दोगानवर नाही एवढा बर्लिनवर. निर्वासित तिकडेच थांबवून धरले म्हणून गप्प बसायचं, हे २०१६ च्या करारापासून चालू आहे असं म्हणतात, आणि खोटं नाही ते.

---

सांजवेळ

कुर्दांचं कुणीच काढलं नाही अजून. त्यांच्या सशस्त्र संघटनेने, पीकेकेने, शस्त्रं टाकली ना यावर्षी?

---

उत्तररात्र

सांजवेळ, त्याच्यावाचून धागा अपुराच आहे, थांबा जरा सविस्तर लिहितो.

कोर्टाने उमेदवार ठरवायची पद्धत इमामोलूंवर पहिल्यांदा वापरलेली नाही, कुर्दांवर ती आधीपासून चालू होती आणि तेव्हा सीएचपी बरीचशी गप्प होती. २०१५ च्या जूनमध्ये देमिर्ताशच्या एचडीपी या कुर्द पक्षाने १३ टक्के घेऊन एके पक्षाचं बहुमत घालवलं. त्यानंतर वाटाघाटी मोडल्या, बाँबस्फोट, चकमकी, आणि नोव्हेंबरमध्ये परत निवडणूक होऊन बहुमत परत. २०१६ ला खासदारांचं खटल्यांपासूनचं संरक्षण काढायचा प्रस्ताव आला, किलिचदारोलू म्हणाले घटनाविरोधी आहे पण आम्ही मत देऊ, आणि देमिर्ताश नोव्हेंबरमध्ये आत गेले. युरोपियन मानवाधिकार कोर्टाने सोडा म्हणून सांगितलं तरी सोडले नाहीत. निवडून आलेले कुर्द महापौर काढायचे आणि तिथे सरकारी प्रशासक बसवायचा, हे दियारबाकिर, मार्दिन, वानमध्ये सर्रास झालं. आज तेच इस्तंबूलच्या एसेन्युर्तमध्ये आलंय.

आणि शांतता प्रक्रिया सुरू केली कुणी, तर पीकेकेचा तुरुंगातला नेता ओजलानला फाशी द्या म्हणणाऱ्या बाहचेलींनी! ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हणाले ओजलानने संसदेत येऊन बोलावं. फेब्रुवारीत ओजलानचं पत्र, मे महिन्यात पीकेकेने संघटना विसर्जित केली, जुलैत इराकमधल्या सुलेमानियाजवळ बंदुका जाळल्या. ४० वर्षं आणि ४० हजार जीव गेल्यावर हे होतंय, चांगलंच आहे, त्याला नाक मुरडायचं काम नाही.

पण हिशोबही बघा. एर्दोगानना २०२८ ला घटनेप्रमाणे परत उभं राहता येत नाही. दोन वाटा आहेत, एक तर संसदेने मुदतीआधी निवडणूक लावायची नाहीतर घटना बदलून सार्वमत घ्यायचं. दोन्हीला ६०० पैकी किमान ३६० मतं लागतात. एके पक्ष आणि बाहचेलींचा एमएचपी मिळून ३२० च्या आसपास. कुर्दांच्या डीईएम पक्षाकडे पन्नासच्या वर. करा बेरीज.

---

कोल्हापुरी_ठसका

आयला. म्हणजे शांतता बी मतमोजणीतनंच.

---

बाकावरचा

इतकं सरळ नाही उत्तररात्र. डीईएमचे खासदार एर्दोगानला हात वर करतील पण त्यांचे मतदार? इस्तंबूलचे कुर्द २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा इमामोलूंना मत देऊन आलेत, २०२४ ला तर डीईएमचा स्वतःचा उमेदवार असताना. शिवाय मुदतपूर्व निवडणूक सीएचपीला स्वतःलाच हवीये, पक्षाध्यक्ष ओझगूर ओझेल दर बुधवारी इस्तंबूलच्या एकेका भागात सभा घेऊन तेच मागतात. ती मिळाली तर एर्दोगानना उभं राहायचा हक्क आपोआप मिळतो. विरोधकांनीच दार उघडून द्यायचं असा प्रकार.

---

सांजवेळ

मग इमामोलू नाही तर ते अंकाराचे यावाश आहेत ना? २०२४ ला ६० टक्के घेतलेले. त्यांना उभं करतील की.

---

उत्तररात्र

करतील. अंकारा महापालिकेने गाण्याच्या कार्यक्रमांवर केलेल्या खर्चावरून यावाशची चौकशी करायची परवानगी सरकारी वकिलांनी गेल्या महिन्यात मागितलीये.